कॅन्टीनची उधारी फेडली, कॉलेजचं काय?

पगार झाला, ईएमआय गेला, वीकएण्डचा प्लॅनही ठरला. आता ज्या कट्ट्यावर आपण घडलो (किंवा बिघडलो!), तिथे आज बसलेल्या एखाद्या मुलासाठी महिन्याला ५०० रुपये बाजूला काढायचा फंडा ऐका...

रियुनियन नावाची एक साथ असते. दिवाळी संपली की ती पसरायला लागते. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी ट्रॅडिशनल डेचा पिवळट फोटो टाकतं. मग 'अरे, ही कोण रे?', 'तो बघ, केस होते तेव्हाचा!' असं सुरू होतं. दोन दिवसांत तारीख ठरते, चार दिवसांत रिसॉर्ट ठरतं आणि आठवडाभरात टी-शर्ट निळा हवा की मरून, यावर ग्रुपमध्ये दोन तट पडतात. माणशी चार-साडेचार हजार रुपये पटापट जमा होतात. कुणी हूं की चूं करत नाही.

आता त्याच ग्रुपवर एक मेसेज टाकून बघा. 'आपल्या कॉलेजमधल्या एखाद्या गरजू मुलासाठी आपण सगळे मिळून स्कॉलरशिप सुरू करू या का?' दोन-तीन हात जोडलेले इमोजी येतात, एक 'ग्रेट थॉट' येतो आणि त्याच्याखाली लगेच कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं. विषय संपला!

यात दुष्टपणा कुणाचाच नाही हो. आपण गणपतीची वर्गणी देतो, सोसायटीच्या होळीला देतो, ऑफिसमधल्या फेअरवेलच्या पाकिटात न बोलता नोट सरकवतो. पण कॉलेजला पैसे द्यायचे? पैसे कॉलेजने आपल्याकडून घ्यायचे असतात. फी, लेट फी, लायब्ररीचा फाइन आणि शेवटच्या दिवशी डिपॉझिटमधून कापलेले, कशाचे ते न समजलेले पन्नास रुपये. हा व्यवहार उलट्या दिशेनेही होऊ शकतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

पाच डॉलरचा डोनर

अमेरिकेत मात्र डिग्री हातात पडते न पडते तोच कॉलेजचं पत्र येतं, 'आता तुम्ही माजी विद्यार्थी झालात, काहीतरी पाठवा!' मायकेल ब्लूमबर्ग यांनी न्यूयॉर्कचा मेयर वगैरे होण्याच्या कितीतरी आधी, १९६४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून इंजिनिअरिंगची डिग्री घेतली. वडील हिशेबनीस, घरची परिस्थिती बेताची, शिक्षण झालं ते सरकारी कर्ज आणि कॅम्पसवरच्या नोकरीच्या जोरावर. पास झाल्यावर वर्षभराने त्यांनी आपल्या विद्यापीठाला पहिली देणगी पाठवली. किती? तर पाच डॉलर. तेवढेच परवडत होते, असं त्यांनीच पुढे लिहिलं.

मग वर्षानुवर्षं ते देत राहिले. आणि २०१८ मध्ये याच माणसाने त्याच विद्यापीठाला १.८ अब्ज डॉलर दिले. तेव्हाच्या दराने साधारण १३ हजार कोटी रुपये. बिल्डिंग बांधायला नाहीत, स्टेडियमला नाहीत, तर फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीसाठी. प्रवेश देताना मुलाच्या बापाचा खिसा बघायचा नाही आणि मुलांना कर्जाऐवजी थेट मदत द्यायची, एवढंच त्या पैशांचं काम.

तुम्ही म्हणाल, बॉस, १३ हजार कोटींच्या गोष्टी आम्हाला कशाला सांगता? अहो, माझा इंटरेस्ट त्या १३ हजार कोटींत नाहीच, त्या पाच डॉलरमध्ये आहे. पास झाल्यावर लगेचच लागलेली सवय म्हणून ती गोष्ट सांगण्यासारखी. 'सेटल झाल्यावर देऊ' असं म्हणणाऱ्यांचं सेटल होणं कसं असतं, ते आपल्याला माहीत आहे. आधी बाइक, मग लग्न, मग वन बीएचके, मग टू बीएचके, मग मुलाची शाळा. सेटल व्हायची तारीख बिल्डरच्या पझेशनसारखी पुढेच जात राहते!

मुद्दलाला हात नाही लावायचा

या सगळ्यात 'एण्डोमेंट' हा शब्द सारखा येतो. घाबरू नका, कन्सेप्ट आपल्या आजीला ठाऊक होता. बँकेत रक्कम ठेवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून दरवर्षी कुणाचं तरी काम करायचं. देवळातल्या नंदादीपासाठी लोक अशीच कायम ठेव ठेवायचे. दिव्याच्या जागी विद्यार्थी ठेवा, झालं एण्डोमेंट!

हार्वर्डमधली पहिली स्कॉलरशिप १६४३ ची. होय, आपल्याकडे शिवाजी महाराज तेरा वर्षांचे होते तेव्हाची. लंडनमधल्या अ‍ॅन मोल्सन नावाच्या एका विधवा बाईंनी गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी १०० पौंड दिले. या बाईंचं माहेरचं नाव रॅडक्लिफ. अडीचशे वर्षांनी, १८९४ मध्ये, तिथल्या मुलींच्या कॉलेजला हेच नाव देण्यात आलं. आज हार्वर्डचा हा कायम निधी एकच एक गंगाजळी नाही, तर १४ हजारांहून जास्त छोट्या-मोठ्या निधींची मोळी आहे. २०२४ मध्ये तिची किंमत ५३ अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि विद्यापीठाच्या वर्षाच्या खर्चातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा तिच्यातून येत होता. प्रिन्स्टनने तर याच जोरावर २००१ मध्ये आर्थिक मदतीतून 'कर्ज' हा शब्दच काढून टाकला. मदत म्हणजे मदत, परतफेड नाही.

या मोळीतल्या बऱ्याचशा पैशांवर देणाऱ्याची अट असते. हा पैसा अमुक विषयाच्या मुलांसाठी, तो तमुक गावच्या मुलांसाठी. म्हणजे 'एवढा पैसा पडलाय, मग वापरत का नाही?' असं बाहेरून विचारणं सोपं, पण कुलूप ज्याच्या किल्लीने लागलं त्याच्याच किल्लीने उघडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्यालाही लागणार आहे.

आपल्याकडे होतंच की!

हे सगळं फॉरेनचं खूळ आहे असं वाटत असेल तर थांबा. पुण्यात वार लावून जेवणं म्हणजे काय होतं? सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असं सात घरांनी मिळून एका मुलाचं शिक्षण उचललेलं असायचं. आजच्या भाषेत क्राउडफंडिंग!

मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप मिळायची. १९१२ मध्ये ती मिळवणारा मुलगा म्हणजे चिंतामणराव देशमुख, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र निधी काढला. त्याची आयडिया भारी होती. पैसे फुकट द्यायचे नाहीत, कर्जरूपाने द्यायचे. शिकून आलेल्याने ते फेडायचे आणि त्याच पैशांतून पुढचा जायचा. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते या निधीच्या मदतीने.

आणि १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी एका तरुणाला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. एका शिष्यवृत्तीचा परतावा कसा मोजायचा, ते आता तुम्हीच सांगा. एक्सेल शीट उघडू नका, पुरणार नाही.

रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि नाव स्वतःचं नाही, आईचं दिलं. एसएनडीटी या अक्षरांतली एन म्हणजे नाथीबाई.

आता सध्याचं बघा. २०२३ मध्ये नंदन नीलेकणींनी आयआयटी बॉम्बेला ३१५ कोटी रुपये दिले. कॅम्पसवर पाऊल ठेवल्याला ५० वर्षं झाली म्हणून! आधीचे ८५ धरून एकूण ४०० कोटी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १९९८ च्या बॅचने सिल्व्हर ज्युबिली रियुनियनला ५७ कोटी रुपये उभे केले, २०० हून अधिक जणांनी मिळून. आणि २०२५ मध्ये मुकेश अंबानींनी माटुंग्याच्या आयसीटीला, म्हणजे आपल्या जुन्या यूडीसीटीला, प्रा. एम. एम. शर्मा यांची गुरुदक्षिणा म्हणून १५१ कोटी रुपये जाहीर केले. तेही विनाअट.

सही आहे! पण एक गंमत बघा. मोठी नावं, मोठी कॉलेजं, मोठे आकडे. पैसा तिथेच जातो जिथे माजी विद्यार्थी आधीच श्रीमंत झालेले असतात. आणि त्यातला बराचसा लॅब, संशोधन, इमारती यांच्यासाठी असतो. ते हवंच. पण तालुक्याच्या गावच्या किंवा उपनगरातल्या साध्या आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कॉलेजचं काय? तिथे शिकून आपण आयटीत, बँकेत, मीडियात आलो. त्या कॉलेजला कुणी नीलेकणी मिळणार नाही. त्याला आपणच आहोत, आणि आपल्याकडे ३१५ कोटी नाहीत.

फी माफ आहे, जेवण नाही

'पण आता सरकारच फी भरतं ना?' हा प्रश्न हमखास येतो. खरं आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना बहुतेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. मुलांसाठीही वेगवेगळ्या योजना आहेत. उत्तमच आहे.

पण परभणीहून पुण्याला आलेल्या मुलाचा हिशेब मांडून बघा. फीचा रकाना शून्य झाला तरी खाली बरंच उरतं. कॉट बेसिसवरची खोली, तिचं डिपॉझिट, मेसचा डबा, बसचा पास, मोबाइलचा रिचार्ज, प्रोजेक्टचं प्रिंटआउट, सेकंडहॅण्ड का होईना पण लॅपटॉप. महिन्याला सात-आठ हजार कुठे गेले ते कळत नाही. त्यात शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात पडेपर्यंत सेमिस्टर उलटून गेलेलं असू शकतं. मेसवाल्या काकांना पोर्टलवरचं 'अंडर स्क्रुटिनी' दाखवून भागत नाही!

अशा वेळी मूल शिक्षण सोडतं ते फीमुळे नव्हे, तर पाच-दहा हजारांच्या खड्ड्यामुळे. आणि पाच-दहा हजारांचा खड्डा बुजवायला उद्योगपती लागत नाही. आपली पन्नास जणांची बॅच पुरते.

पुण्यातल्याच विद्यार्थी सहाय्यक समितीने १९५५ पासून हेच ओळखून काम केलंय. डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेल्या या संस्थेने खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय केली, आणि तिथे राहून शिकलेले अनेक जण नोकरीला लागल्यावर पुढच्या मुलांसाठी मदत पाठवत आले.

१०१ रुपयांचं पारितोषिक

कुठल्याही जुन्या कॉलेजचं प्रॉस्पेक्टस काढा. मागच्या पानांवर पारितोषिकांची यादी असते. 'कै. अमुक स्मृती पारितोषिक, मराठीत प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास, रु. १०१.' आपण कॉलेजात असताना यावर हसायचो. १०१ रुपयांत आता धड कॉफीही येत नाही!

पण ज्या माणसाने ही ठेव ठेवली, त्याच्या काळी ती रक्कम चांगली घसघशीत असणार. त्याने मनापासूनच दिली होती. चूक फक्त हिशेबात झाली. व्याज आलं की सगळं वाटून टाकलं, मुद्दल तेवढंच राहिलं आणि महागाईने ते आतून पोखरलं. वाळवी लागलेल्या दारासारखं. बाहेरून दार उभं, हात लावला की भुसा.

गणित सोपं आहे. समजा १० लाखांची ठेव आहे आणि ७ टक्के व्याज मिळतंय. म्हणजे वर्षाला ७० हजार. सगळेच्या सगळे वाटले आणि महागाई ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर बाराएक वर्षांत त्या ७० हजारांची किंमत आजच्या ३५ हजारांएवढी उरते. अजून बारा वर्षांनी साडेसतरा. म्हणून शहाणी संस्था सगळं व्याज खर्च करत नाही. ७० मधले ३०-४० हजार वाटायचे, उरलेले मुद्दलात परत घालायचे. अमेरिकेतली मोठी विद्यापीठं वर्षाला पाचएक टक्के काढतात, पण त्यांचा पैसा शेअर बाजारात आणि इतर बऱ्याच ठिकाणी फिरत असतो. आपल्याकडचे बहुतेक ट्रस्ट एफडी आणि सरकारी रोख्यांवर असतात. त्यामुळे हात आणखी आखडता ठेवावा लागतो.

आता बोचणारा भाग. १० लाख जमवायचे आणि त्यातून वर्षाला फक्त ३०-४० हजार? म्हणजे जेमतेम चार-पाच महिन्यांचा एका मुलाचा खर्च? होय. एण्डोमेंट ही गोष्ट संथ आहे. आंब्याचं कलम लावल्यासारखी. आणि ज्या मुलाचा मेसचा डबा या महिन्यात बंद व्हायची वेळ आलीय, त्याला 'थांब, आमचं कलम मोठं होऊ दे' असं सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी पण आहे का?

आमच्या बॅचने हा घोळ सोडवायला दोन खिशांचा फॉर्म्युला काढला. तो सांगतो, कारण कॉपी करायला सोपा आहे आणि कॉपी केल्याबद्दल इथे कुणी सुपरवायझर पकडणार नाही.

ग्रुपवर नेहमीसारखं फूल पडल्यावर आमच्यातल्या एका सीए मित्राने वेगळंच केलं. लांबलचक इमोशनल मेसेज लिहिला नाही. त्याने फक्त विचारलं, 'महिना ५०० कोण कोण देऊ शकेल? नाव लिहा.' रक्कम इतकी छोटी होती की नाही म्हणायला लाज वाटावी. आधी ११ नावं आली. मग मैत्रिणींपैकी दोघींनी एकेकाला पर्सनली फोन केले. ५० झाली.

५० जणांचे महिन्याला २५ हजार. वर्षाचे ३ लाख. त्यातले २ लाख पहिल्या खिशात, म्हणजे यंदाचे यंदाच खर्च करायचे. चार मुलांना प्रत्येकी ५० हजार. उरलेला १ लाख दुसऱ्या खिशात, म्हणजे कायम निधीत. त्याला हात नाही. दरवर्षी १ लाख टाकत गेलं आणि ७ टक्के मिळत राहिले, तर दहा वर्षांनी १३ लाख ८० हजारांच्या आसपास जमतात. तोपर्यंत काहींच्या नोकऱ्या बदलतील, काहींचा उत्साह संपेल, एखादा ग्रुप सोडूनही जाईल. पण कलम लागलेलं असेल.

कॉलेजने हात पसरून स्वागत केलं असं समजू नका हां! आम्ही पैसे द्यायला गेलो होतो, तरी तीन हेलपाटे झाले. पावतीपुस्तक एकाकडे, सही दुसऱ्याकडे, 'असा फॉर्म आमच्याकडे नाही' हे तिसऱ्याकडे. एका मॅडमनी मनावर घेतलं म्हणून गाडी हलली. एक पानाचा करार झाला. मार्कांचा कटऑफ नाही, नापास नसावा एवढंच. निवड दोन शिक्षक आणि आमचा एक माणूस मिळून करणार. देणगीदारांच्या नात्यातलं कुणी चालणार नाही. आणि एक अट आमच्या ग्रुपमधल्या मुलींनी हट्टाने घातली. स्टेजवर बोलावून मोठ्ठा पुठ्ठ्याचा चेक देऊन फोटो काढायचा नाही. पैसे थेट खात्यात.

या अटीवरून ग्रुपमध्ये वाद झाला. 'अरे, एक फोटो तर काढू दे, बाकीच्यांना इन्स्पिरेशन मिळेल!' असं म्हणणारे होते. मग एकजण, जो आमच्यात नेहमी शांत असतो, त्याने लिहिलं की तो एसवायला असताना त्याला असंच स्टेजवर बोलावलं होतं. 'गरजू विद्यार्थी' असं माइकवर म्हटलं होतं. नंतर वर्षभर तो मागच्या दाराने वर्गात जायचा. आम्ही तीन वर्षं एका बेंचवर बसलेलो, आम्हाला पत्ताच नव्हता. त्यानंतर त्या पुठ्ठ्याच्या चेकचा विषय कुणी काढला नाही.

पहिल्या वर्षीच्या चार जणांत बीएस्सीला असलेली एक मुलगी होती. आमच्यातली एकजण कागदपत्रांसाठी तिला भेटली. आभाराचं भाषण वगैरे काही नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, 'पुढच्या वर्षी पण आहे का?'

कारण तिच्यासाठी खरी भीती ती होती. एका वर्षाची मदत म्हणजे एका वर्षाचं घर. दुसऱ्या वर्षी मदत थांबली तर ती होस्टेल सोडून गावी, आणि मग अर्धवट डिग्री घेऊन करायचं काय? त्या दिवशी दुसऱ्या खिशाला हात लावायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना सीएच्या एक्सेलशिवाय पटलं. उलट नियमात एक ओळ वाढवली. एकदा निवडलेल्या मुलाला डिग्री पूर्ण होईपर्यंत मदत द्यायची, नवीन मुलं कमी घ्यावी लागली तरी चालेल.

'पण मी का देऊ?'

आता नेहमीचे डायलॉग आणि त्यांची उत्तरं.

'मी माझी फी भरली होती. हिशेब चुकता!' अनुदानित कॉलेजात शिकला असाल तर आपण भरलेल्या फीत शिक्षकांचा पगार निघत नव्हता, तो सरकारी अनुदानातून म्हणजे टॅक्स भरणाऱ्या लोकांच्या खिशातून निघायचा. कॉलेजची जमीन, लायब्ररी, कदाचित आपण बसलो तो बेंचही, आपल्या जन्माआधी कुणीतरी दिलेला होता. मागे 'कै. यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलं होतं, आपण त्यावर बदाम कोरले एवढंच.

'मला कुठे कुणी स्कॉलरशिप दिली?' हे म्हणणं खोटं नाही. पण मग त्या दिवसांत काय काय सोडावं लागलं, तेही आठवा. ट्रिप, क्लास, कधी कधी कोर्सही. ज्याला मिळाली नाही त्यालाच तिची किंमत जास्त ठाऊक असते.

'पैसे खरंच पोचतील का?' हा प्रश्न लाखमोलाचा. विचारायलाच हवा. आपल्या राज्यात सार्वजनिक ट्रस्टना दरवर्षी ऑडिट करून हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. ते मागा. मागितल्यावर चेहरा बदलणारी संस्था असेल, तर पैसे थेट दुसऱ्या चांगल्या ट्रस्टमार्फत द्या. कॉलेजवर रुसा, मुलावर नको.

'कॉलेजला आमची आठवण आत्ताच कशी आली?' खरंय, नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला मार्क असतात. त्यामुळे नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की कॉलेजांना अचानक आपला उमाळा येतो! येऊ दे. त्यांना मार्क हवेत, आपल्याला स्कॉलरशिप हवी. डील करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

एवढं करा

• आधी ५०० रुपये ठरवा, मग नावं गोळा करा. 'जमेल तेवढं द्या' म्हटलं की जमत नाही. ऑटो-पे लावा, म्हणजे दर महिन्याला कुणाला आठवण करून द्यायला नको.

• दोन खिसे ठेवा. यंदाचा खर्च वेगळा, कायम निधी वेगळा. कायम निधीसाठी देताना 'ही रक्कम कॉर्पससाठी आहे' असं लेखी द्या. नाहीतर ती चालू खर्चात विरघळते.

• व्याजातला किती भाग वाटायचा आणि किती परत मुद्दलात घालायचा, ते करारातच लिहा. आपल्या नावाने १०१ रुपयांचं पारितोषिक होऊ द्यायचं नसेल तर!

• अटी कमी घाला. 'अमुक विषयात, अमुक टक्के, अमुक गावचा' असं करत गेलात तर एखाद्या वर्षी तसा विद्यार्थीच मिळत नाही आणि पैसा कुलपात पडून राहतो.

• वर्षातून एकदा एक पानाचा हिशेब ग्रुपवर टाका. किती आले, किती गेले, किती मुलं. नावं नकोत.

• टॅक्स वाचवायला म्हणून देणार असाल तर आधी तपासा. आपण सगळे '८०जी' म्हणून ओळखतो ती सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या करपद्धतीत नाही. २ हजारांच्या वरची रोख देणगीही त्यात धरत नाहीत. पावती मात्र दोन्हीकडे घ्याच.

• बॅचमधला मित्र न्यू जर्सीत असेल तर त्याचा पासपोर्ट विचारा. अजून भारतीय असेल तर अडचण नाही. अमेरिकन सिटिझन झाला असेल, तर त्याची देणगी परदेशी धरली जाते आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी किंवा परवानगी लागते.

• पैसे नसतील तर वेळ द्या. एक मॉक इंटरव्ह्यू, एक रेझ्युमे नीट करून देणं, स्कॉलरशिपचा ऑनलाइन फॉर्म भरायला मदत करणं. कितीतरी मुलं पात्र असूनही फक्त एका अपलोड न झालेल्या दाखल्यामुळे राहून जातात.

महिन्याचे ५०० म्हणजे मल्टिप्लेक्समधला एक पॉपकॉर्नचा टब. तो सोडा असं मी म्हणत नाही, पिक्चर बघताना काहीतरी चघळायला लागतंच. पॉपकॉर्न खा आणि ५०० ही काढा. आपली पिढी दोन्ही करू शकते, एवढे पगार आता आहेत.

तर मग, या वर्षीच्या रियुनियनचं टी-शर्टचं भांडण सुरू व्हायच्या आत ग्रुपवर तो एका ओळीचा मेसेज टाकाच. आणि टाकल्यावर लगेच खाली पहिलं नाव स्वतःचं लिहा. म्हणजे गुड मॉर्निंगच्या फुलाला जागाच उरणार नाही!